न वाचता येणारी पुस्तके : ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचे सतरावे शतक



ज्या ग्रंथालयाविषयी आज बोलायचे आहे ते एकदा समूळ नाहीसे झाले होते. इतके, की पुस्तके गेल्यावर मागे उरलेली बाके आणि फळ्यासुद्धा विद्यापीठाने विकून टाकल्या. हे ऑक्सफर्ड येथे घडले. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याचा धाकटा भाऊ, ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री, हा मोठा ग्रंथप्रेमी होता. त्याने १४३९ ते १४४४ या काळात २८० हून अधिक हस्तलिखिते ऑक्सफर्डला दिली. छापण्याची कला इंग्लंडात तेव्हा यायची होती. एकेक पुस्तक म्हणजे एकेका लेखनिकाच्या आयुष्यातले महिनेच्या महिने. ही संपत्ती ठेवण्यासाठी धर्मशास्त्राच्या पाठशाळेवर मजला चढविण्यात आला आणि १४८८ साली तेथे ग्रंथालय सुरू झाले. पुढे धर्मसुधारणेचे वारे वाहू लागले. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५५० साली, सरकारी पाहणी अधिकारी विद्यापीठात आले. ज्या पुस्तकात जुन्या पंथाचा वास येईल ते पुस्तक नको, असा एकंदर रोख. मग काही पुस्तके जळली, काही कवडीमोलाने गेली. चांगले कमावलेले चर्मपत्र बांधणीवाल्यांना पुठ्ठ्याच्या आत घालायला आणि शिंप्यांना मापाच्या पट्ट्या कापायला उपयोगी पडते. ज्ञान म्हणून नको असलेली वस्तू कातडे म्हणून विकली गेली. रिकाम्या खोलीत बाके कशाला हवीत, म्हणून १५५६ साली तीही काढली.

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. घरातल्या जीर्ण पोथ्या रुमालात बांधून नदीत सोडणे हे आपल्याकडे पुण्यकर्मच समजले जाई, आणि पोथीला जलसमाधी मिळाली नाही तर दप्तरातले कागद वाण्याच्या पुड्यांना जात. राजवाड्यांसारखा एखादा माणूस गावोगाव पायपीट करून जे वाचवील तेवढेच वाचले. ऑक्सफर्डलाही असा एक माणूस मिळाला. त्याचे नाव टॉमस बॉडली.

बॉडली १५४५ साली एक्झेटर येथे जन्मला. बाप कट्टर प्रॉटेस्टंट. मेरी राणीच्या अमदानीत जिवाच्या भीतीने कुटुंब घेऊन परदेशी पळाला आणि जिनीव्हाला जाऊन राहिला. तेथे कोवळ्या वयात या मुलाला ग्रीक आणि हिब्रू शिकायला मिळाले. एलिझाबेथ गादीवर आल्यावर मंडळी परतली. बॉडली ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात शिकला, पुढे मर्टन कॉलेजात ग्रीक शिकवू लागला, आणि मग राणीचा वकील म्हणून कित्येक वर्षे हेगला राहिला. दरबारी राजकारणाचा त्याला वीट आला. पन्नाशी उलटल्यावर त्याने ठरविले की ऑक्सफर्डची ती उजाड खोली पुन्हा भरायची. १५९८ च्या फेब्रुवारीत त्याने कुलगुरूंना तसे पत्र लिहिले. खर्च सगळा माझा, असे कळविले. पैसा कोठून आला? बॉडलीने एका श्रीमंत विधवेशी लग्न केले होते आणि तिच्या पहिल्या नवऱ्याने आपल्या तारलीसारख्या एका मासळीच्या व्यापारात गडगंज कमावले होते. युरोपातल्या एका श्रेष्ठ ग्रंथालयाचा पाया मासळीच्या पैशावर उभा आहे. कोकणातल्या मंडळींना हे ऐकून बरे वाटेल.

८ नोव्हेंबर १६०२ रोजी ग्रंथालय उघडले तेव्हा त्यात सुमारे २००० पुस्तके होती. मोठ्या आकाराचे ग्रंथ कपाटाच्या फळीला लोखंडी साखळीने बांधलेले असत. साखळी पुठ्ठ्याच्या बाहेरच्या कडेला अडकवायची, म्हणून पुस्तक उलटे उभे करीत. पाठ भिंतीकडे आणि पानांची कड वाचकाकडे. वाचकाने पुस्तक खाली उतरवायचे, समोरच्या उतरत्या मेजावर ठेवायचे आणि साखळी जाईल तेवढ्याच अंतरात वाचायचे. प्रत्येक वाचकाला शपथ घ्यावी लागे, आणि त्या शपथेत विस्तव किंवा ज्योत आत न आणण्याचे वचन असे. हा नियम नावापुरता नव्हता. ऑक्सफर्डच्या हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो आणि बोटे आखडतात. तरी इमारतीत ऊब आली ती १८४५ मध्ये आणि दिवे लागले ते १९२९ मध्ये. तोपर्यंत सव्वातीनशे वर्षे वाचक सूर्याच्या घड्याळावर चालले.

बॉडलीला माणसांची पारख होती. देणगीदारांची नावे लिहिण्यासाठी त्याने एक भला थोरला चर्मपत्राचा ग्रंथ करविला आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल असा ठेवविला. देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी फळी बसविणाऱ्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. १६०५ मध्ये पहिला ग्रंथपाल टॉमस जेम्स याने छापील सूची काढली. १६१० मध्ये बॉडलीने त्याहून दूरवरचे काम केले. लंडनच्या छापखानेवाल्यांच्या आणि पुस्तकविक्रेत्यांच्या संघाशी करार करून, संघाचे सभासद छापतील त्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला फुकट मिळेल अशी व्यवस्था त्याने लावली. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाला मुंबई, कलकत्ता वगैरे ठिकाणच्या ग्रंथालयांना एकेक प्रत द्यावी लागते, त्याचे पूर्वज शोधू गेले तर त्यांत हा करार निघेल.

पण येथेच एक गाठ आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तिच्यात गुंतलेला आहे. सगळी छापील पुस्तके येणार म्हटल्यावर पंचांगे येणार, नाटके येणार, चटोर चोपडी येणार. बॉडलीला हे मुळीच रुचेना. १६१२ मध्ये त्याने आपल्या ग्रंथपालाला पत्रे लिहून बजावले की असला गाळ ग्रंथालयात नको. चाळिसांत एखादे नाटक ठेवण्याच्या लायकीचे निघेल, पण त्यासाठी ग्रंथालयाची अब्रू का घालवायची? हे लिहिले जात होते तेव्हा लंडनमध्ये शेक्सपिअर हयात होता.

हाच बॉडली चिनी पुस्तके मात्र आनंदाने ठेवून घेत होता. डच व्यापाऱ्यांची गलबते पूर्वेकडून काय काय घेऊन येत, त्यात चिनी छापील पुस्तकांचे सुटे भागही असत. १६०४ सालापासून ते ऑक्सफर्डला येऊ लागले. त्यातले एक अक्षर वाचू शकेल असा मनुष्य तेव्हा सगळ्या इंग्लंडात नव्हता. इंग्रजी नाटक समजत होते, म्हणून त्याची किंमत ठरविता आली आणि ती शून्य ठरली. चिनी पुस्तक समजत नव्हते, म्हणून ते कपाटात गेले. मला वाटते, विद्वान माणसाच्या स्वभावाचा हा चमत्कारिक विशेष फार कमी लोकांनी ध्यानात घेतला आहे. आपल्याच भाषेतल्या लावणीला नाक मुरडणारे आणि न समजणाऱ्या श्लोकापुढे हात जोडणारे शास्त्रीबुवा आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

बॉडली १६१३ मध्ये वारला. त्यानंतर ज्याने ग्रंथालयाचे भांडार सर्वांत वाढविले तो विल्यम लॉड, विद्यापीठाचा कुलपती आणि पुढे कँटरबरीचा मुख्य धर्मगुरू. स्वभावाने कडक, मतभेद खपवून न घेणारा, लोकांत अत्यंत अप्रिय. त्याने १६३५ ते १६४० या पाच वर्षांत सुमारे १३०० हस्तलिखिते बॉडलियनला दिली. त्यांत लॅटिन आणि ग्रीक तर होतीच. पण अरबी, फारसी, हिब्रू, आयरिश अशा वीसएक भाषांतली होती. १६३६ मध्ये त्याने अरबीचे अध्यापकपद निर्माण केले आणि एडवर्ड पोकॉक या तरुण पंडिताला तेथे बसविले. धर्माच्या बाबतीत एवढा असहिष्णू माणूस परक्या लिप्यांच्या बाबतीत एवढा उदार कसा, याचे उत्तर सोपे नाही.

लॉडच्या १६४० च्या देणगीत एक चित्रसंग्रह होता. तो हिंदुस्थानातून आलेला. त्यात १८ चित्रे रागमालेची आहेत. श्रोत्यांपैकी जाणकारांना रागमाला म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही, पण थोडक्यात सांगतो. आपल्या चित्रकारांनी राग आणि रागिणी यांना देह दिला. एखादा राग राजाच्या रूपाने झोपाळ्यावर बसतो, एखादी रागिणी रानात हरणांना वीणा ऐकविते, कोणी विरहाने व्याकूळ होऊन दारात उभी राहते. रंगावरून, वेळेवरून, झाडापानांवरून ओळखायचे की हा कोणता सूर. कानाने ऐकायची गोष्ट डोळ्यांना दाखवायची, असा हा खेळ आहे. युरोपातल्या संग्रहात जाऊन पडलेली ही सर्वांत जुन्या रागमालांपैकी एक. आता कल्पना करा : शहाजीराजे आदिलशाहीत आहेत, शिवबा दहा वर्षांचा आहे, आणि ऑक्सफर्डच्या एका थंड खोलीत जॉन राउस नावाचा ग्रंथपाल हा संग्रह नोंदवून घेत आहे. त्याला यात काय दिसले असेल? काही पौर्वात्य स्त्रिया, काही पक्षी, एक तलाव. त्या कागदावर गाणे आहे हे त्याला कळणे शक्यच नव्हते. त्याने संग्रह जपून ठेवला, एवढेच केले. एवढेच पुरेसे होते.

कारण यानंतर दोन वर्षांतच राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध जुंपले. १६४२ पासून १६४६ पर्यंत ऑक्सफर्ड ही पहिल्या चार्ल्स राजाची राजधानीच झाली. एका कॉलेजात दारूगोळा, ग्रंथालयाच्या खालच्या पाठशाळांत धान्याची कोठारे आणि सैनिकांच्या डगल्यांची शिवण. वर पुस्तके. लॉड लंडनच्या तुरुंगात होता; १० जानेवारी १६४५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर राजाने ग्रंथालयातून एक फ्रेंच इतिहासग्रंथ वाचायला मागविला. राउसने ग्रंथालयाचे नियम नेऊन राजापुढे ठेवले : कोणतेही पुस्तक कोणासही बाहेर द्यायचे नाही. राजाने नियम वाचले आणि मागणी मागे घेतली. पराभव दारात आलेला असताना राजाने नियमाचा मान राखला, ही गोष्ट त्याच्या जमेस धरली पाहिजे. पुढे १६५४ मध्ये क्रॉमवेलने पोर्तुगालच्या वकिलासाठी एक हस्तलिखित मागितले, तेव्हा टॉमस बार्लो या ग्रंथपालाने त्यालाही तेच नियम दाखविले. ज्याने राजाचे डोके उडविले तो क्रॉमवेलही गप्प बसला. त्याच वर्षी त्याने २२ ग्रीक हस्तलिखिते ग्रंथालयाला भेट दिली!

१६४६ च्या जूनमध्ये ऑक्सफर्ड पार्लमेंटच्या सैन्याच्या हाती पडले. सेनापती फेअरफॅक्सने शहरात शिरल्यावर पहिले काम केले ते ग्रंथालयावर पहारा बसविण्याचे. जॉन ऑब्री हा त्या काळचा बखरकार म्हणावा असा गृहस्थ. तो लिहितो की शत्रूपेक्षा राजाच्या माणसांनीच, तळ पडला होता तेव्हा, साखळ्या तोडून अधिक नुकसान केले होते. फेअरफॅक्सचा पहारा नसता तर लॉडची १३०० हस्तलिखिते, ज्यांचा दाता नुकताच देशद्रोही म्हणून मारला गेला होता, कोठे गेली असती हे सांगायला ज्योतिषी नको.

याच सुमारास एक आंधळा होत चाललेला कवी या राउसला आपली पुस्तके पाठवीत होता. तो जॉन मिल्टन. धर्मसत्तेवर, घटस्फोटाच्या कायद्यावर त्याने लिहिलेली जहाल चोपडी, आणि सोबत कवितांचा एक संग्रह. संग्रह वाटेत कोठेतरी गहाळ झाला. राउसने दुसरा मागविला. मिल्टनने तो पाठविताना १६४७ च्या जानेवारीत राउसला उद्देशून एक लॅटिन कविता रचून सोबत जोडली. तिचा भावार्थ असा की आजच्या गलबल्यात मला कोणी समजून घेणार नाही. पण तुझ्या घरात हे सुरक्षित राहिले तर पुढे केव्हा तरी शहाणी पिढी येईल आणि द्वेष बाजूला ठेवून वाचील.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती कथा याच शतकातली. इंग्लंडात पाण्याऐवजी विस्तव वापरीत. राजाचा मुलगा परत गादीवर आला आणि १६६० मध्ये लंडनला मिल्टनची राजविरोधी पुस्तके फाशी देणाऱ्या मांगाच्या हातून जाळण्यात आली. ऑक्सफर्डची पाळी २१ जुलै १६८३ रोजी आली. विद्यापीठाच्या सभेने रीतसर ठराव करून हॉब्ज, मिल्टन आणि आणखी कित्येकांचे ग्रंथ पाठशाळांच्या चौकात जाळले. हा चौक म्हणजे बॉडलियनचे अंगणच. दारात होळी पेटली होती आणि आत, विस्तव आणायला बंदी असलेल्या दालनात, मिल्टनने स्वहस्ते लिहून पाठविलेला खंड कपाटात होता. तो आजही आहे. जाळणारे आणि जपणारे एकाच विद्यापीठाचे, पुष्कळदा एकाच पंगतीला जेवणारे. तेव्हा कोणाच्या मनात काय होते हे उगाच ठरवू नये. परंतु ग्रंथालयाची शपथ विद्यापीठाच्या ठरावाहून अधिक काळ टिकली हे खरे.

लॉडनंतरचा मोठा दाता जॉन सेल्डन, कायदेपंडित, पार्लमेंटचा सभासद आणि हिब्रू व अरबीचा जाणता. समुद्रावर मालकी कोणाची या प्रश्नावर त्याने १६३५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तो १६५४ मध्ये वारला आणि १६५९ मध्ये त्याची सुमारे ८००० पुस्तके ऑक्सफर्डला आली. ती लावून ठेवायला अँटनी वुड नावाचा तरुण इतिहासकार मदतीला होता. त्याने लिहून ठेवले आहे की पुस्तके उघडता उघडता आतून चष्मे निघू लागले. सेल्डन वाचता वाचता चष्मा खुणेसाठी पानात ठेवी आणि विसरून जाई. बार्लोने त्यांतला एक चष्मा वुडला आठवण म्हणून दिला.

सेल्डनच्या पुस्तकांत मेक्सिकोतील एक चित्रग्रंथ होता. स्पॅनिश लोकांनी ते राज्य बुडविल्यानंतर वीसएक वर्षांनी तेथल्याच चित्रकारांनी तो रंगविला : कोणत्या राजाने कोणती गावे जिंकली, कोणत्या गावाने किती घोंगड्या, किती पिसे, किती कोको खंडणी म्हणून द्यायची, मुलगा चुकला तर बापाने काय शिक्षा करायची. स्पेनच्या राजाकडे तो निघाला असता फ्रेंच चाच्यांनी वाटेत लुटला असे सांगतात. तो फ्रेंच राजाच्या भूगोलवेत्त्याकडे पोहोचला, त्याच्याकडून हॅक्लूट या इंग्रजाने विकत घेतला, आणि शेवटी सेल्डनकडे आला. मेंदोसाची पोथी म्हणून आज जगभर ओळखली जाते ती हीच. तिच्यातली थोडी चित्रे १६२५ मध्ये छापली गेली होती. परंतु बॉडलियनमध्ये आल्यावर पावणेदोनशे वर्षे तिची फारशी विचारपूस कोणी केली नाही.

आता त्या नाटकांकडे वळू. १६२३ च्या अखेरीस शेक्सपिअरच्या ३६ नाटकांचा मोठा ग्रंथ लंडनला निघाला. करारानुसार एक प्रत ऑक्सफर्डला आली. बॉडली दहा वर्षांपूर्वीच वारला होता आणि हा ग्रंथ आकाराने भारदस्त होता. म्हणून की काय, १६२४ च्या फेब्रुवारीत तो बांधणीला गेला आणि साखळीला लागला. या ३६ पैकी निम्मी नाटके त्यापूर्वी कधी छापलीच गेली नव्हती. १६६४ च्या सुमारास तिसरी आवृत्ती आली, तिच्यात आणखी नाटके घातलेली. नवी आली, मग जुनी कशाला? अनावश्यक म्हणून २४ पौंडांना विकल्या गेलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात बहुधा ती पहिली प्रतही गेली.

२३ जानेवारी १९०५ रोजी टर्बट नावाचा एक विद्यार्थी घरातले एक फाटके जुने पुस्तक घेऊन ग्रंथालयात आला. बांधणी दुरुस्त कशी करावी एवढेच त्याला विचारायचे होते. तेथल्या स्ट्रिकलंड गिब्सन या बांधणीच्या जाणकाराने पुठ्ठा न्याहाळला. साखळी बसविल्याची खूण दिसली, ऑक्सफर्डची धाटणी दिसली. अडीचशे वर्षांपूर्वी घालवून दिलेली प्रत माहेरी आली होती. पण माहेरपण फुकट नव्हते. अमेरिकेतून ३००० पौंडांची मागणी आली. मागणारा हेन्री फोल्जर होता हे मागाहून उघड झाले. टर्बट कुटुंबाने ग्रंथालयाला तेवढीच रक्कम उभी करायला सवड दिली. ग्रंथालयाकडे पैसा नव्हता. वर्गणी सुरू झाली, वर्तमानपत्रांतून विनवण्या झाल्या, आणि १९०६ च्या मार्चअखेर कशीबशी रक्कम पुरी झाली. प्रत तपासताना एक गोड गोष्ट दिसून आली. साखळीला बांधलेली असताना या ग्रंथाची सारखी पाने झिजलेली नाहीत. सर्वांत अधिक झीज ‘रोमिओ आणि ज्युलिएट’च्या पानांवर आहे. धर्मशास्त्र आणि तर्कशास्त्र वाचायला आलेल्या पोरांची बोटे चाळीस वर्षे कोठे थांबत होती, हे कागदाने नोंदवून ठेवले.

परक्या भाषांच्या पुस्तकांना मात्र हा वनवास घडला नाही. १६६६ मध्ये, महाराज आग्र्याला अडकले होते त्या वर्षी, जॉन केन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्याने पहिले संस्कृत हस्तलिखित बॉडलियनला दिले. वाचणारा कोणी नव्हता. नुकताच टॉमस हाइड ग्रंथपाल झाला होता. तो फारसीचा पंडित. बुद्धिबळाचे मूळ हिंदुस्थानात आहे असे त्याने १६९४ मध्ये लिहिले, आणि १७०० मध्ये प्राचीन इराणी धर्माचा पहिला मोठा इतिहास छापला. पण त्या धर्माचे मूळ ग्रंथ त्याला वाचता आले नाहीत. १७२३ मध्ये सुरतेच्या पारशांकडून मिळविलेली वेंदिदादची पोथी बॉडलियनमध्ये आली तेव्हा हाइड मरून वीस वर्षे झाली होती. पोथीला लोखंडी साखळी घालून ती कौतुकाची वस्तू म्हणून ठेवण्यात आली. १७५४ साली तिच्या चार पानांची नक्कल पॅरिसमध्ये आँकेतील द्युपेराँ नावाच्या तेविशीच्या तरुणाने पाहिली. त्याला एकही अक्षर कळले नाही. पण ही भाषा आपण शिकून यायचीच, असा ध्यास घेऊन तो साधा शिपाई म्हणून जहाजावर चढला, सुरतेला आला, दस्तूर दाराब यांच्यापाशी बसून शिकला, १८० च्या आसपास हस्तलिखिते घेऊन १७६१ मध्ये निघाला, आणि घरी जाण्याआधी ऑक्सफर्डला जाऊन त्याने आपली प्रत त्या साखळदंडातल्या प्रतीशी ताडून पाहिली. १७७१ मध्ये त्याचे भाषांतर छापून निघाले. अवेस्त्याच्या अभ्यासाला युरोपात येथून आरंभ झाला. बॉडलियनला नंतर संस्कृतची वाण पडली नाही. १९०९ मध्ये नेपाळचे प्रधानमंत्री चंद्र शमशेर यांनी एकदम ६००० हून अधिक हस्तलिखिते पाठविली.

चिनी पुस्तकांचे काय झाले ते सांगायचे राहिले. ऐंशी वर्षांनी, १६८७ मध्ये, शेन फुत्सुंग नावाचा एक चिनी ख्रिस्ती विद्वान इंग्लंडात आला. हाइडने त्याला ऑक्सफर्डला बोलावून घेतले, आणि तो प्रत्येक पुस्तक हातात घेऊन हे वैद्यक, हे शब्दकोश, असे सांगत गेला. हाइड लॅटिनमध्ये टिपून घेत गेला. सेल्डनने मृत्युपत्राच्या पुरवणीत आवर्जून उल्लेख केलेला एक नकाशाही त्या दोघांनी पसरून पाहिला. त्यावर हाइडच्या अक्षरातली टिपणे आहेत. मग तोही गुंडाळला गेला. अठराव्या शतकात काही काळ भिंतीवर होता, नंतर कोठीत गेला आणि तेथेच राहिला.

२००८ मध्ये रॉबर्ट बॅचलर या अमेरिकन इतिहाससंशोधकाने तो मागवून उलगडला. सुमारे दीड मीटर लांब, मीटरभर रुंद, रंगीत, झिजलेला. चीन वरच्या बाजूला आहे खरा, पण चित्राच्या मध्यभागी आहे तो दक्षिणेचा समुद्र. चीनच्या किनाऱ्यावरून निघून जपान, मनिला, जावा, मलाक्का अशा बंदरांकडे जाणारे गलबतांचे मार्ग त्यात बारीक रेघांनी काढले आहेत आणि प्रत्येक रेघेवर होकायंत्राचा रोख लिहिला आहे. इतक्या जुन्या चिनी नकाशावर व्यापाराचे मार्ग असे काढलेले यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. दुरुस्ती करताना मागचे जुने कापड सोडविले, तर कागदाच्या पाठीवर त्याच मार्गांचा कच्चा आराखडा आणि मोजपट्टी निघाली. नकाशा करणाऱ्याने रेघा आधी आखून पाहिल्या होत्या. प्रदेश मागाहून भरले.

आपला पश्चिम किनारा त्यात काढलेला नाही; कागद तेवढा पुरला नाही. डाव्या कडेला कालिकतचे नाव तेवढे आहे आणि त्याच्या शेजारी एक चौकट. कालिकतहून एडनला, धोफारला आणि होर्मुझला जायचे असेल तर गलबताचे तोंड कोणत्या दिशेला ठेवावे आणि किती प्रहर चालवावे, ते त्या चौकटीत अक्षरांनी लिहिले आहे.